मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की पान उलटू दे

ताई,
मी नाशिकची, वय २९. एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलं आणि गेली सहा वर्षं सिडकोतल्या एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते. पगार १९ हजार. मला मुलांसाठी पुस्तकं करायची आहेत, लिहायचीही मीच आणि चित्रंही माझीच. आमचं मूळ घर भांडी बाजाराजवळ. तिथल्या पुरावर एक गोष्ट लिहिली आहे, बारा चित्रं काढली आहेत, सोबत पाठवते. एका प्रकाशकांना गोष्ट आवडली, पण ५०० प्रतींसाठी ६५ हजार रुपये भरायला सांगितले आहेत आणि महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणाले. बाबा म्हणतात, नोकरी सोडायचं नाव काढू नकोस. मैत्रीण म्हणते, पुण्याला गेल्याशिवाय काही होणार नाही. त्यात आता एआय चित्रं काढायला लागलं, मग माझ्यासारखीला कोण विचारणार? पैसे भरू का? नोकरी सोडू का? आणि मराठीत लेखक आणि चित्रकार एकच, असं चालतं का?
– गोदाकाठची, नाशिक

प्रिय गोदाकाठची,

महिनाअखेर जवळ आली आहे, म्हणून आधी पैशांचं. भरू नकोस. ५०० प्रतींना ६५ हजार म्हणजे एका प्रतीमागे १३० रुपये तू देणार. त्यांचा खर्च पहिल्याच दिवशी वसूल झाला, तर पुढे ते पुस्तक विकण्याची त्यांना निकड काय उरते? प्रकाशक तुझ्या पुस्तकावर स्वतःचा पैसा लावतो, आणि तो परत मिळवायचा असतो म्हणून पुस्तक दुकानांत, शाळांत, ग्रंथप्रदर्शनांत घेऊन जातो. तुझ्याकडूनच पैसे घेणारा माणूस छपाई करून देतोय, एवढंच. ते करून घ्यायला काही हरकत नाही, पण मग त्याला पसंती म्हणू नये. कधी स्वतःच पुस्तक काढावंसं वाटलं तर शहरातल्या दोन-तीन ऑफसेट छापखान्यांकडून कोटेशन घे आणि प्रकाशक म्हणून तुझं नाव टाक. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे मोजू नकोस.

मात्र तुझं हे पुस्तक अजून छापायला द्यायच्या अवस्थेत आलेलं नाही, असं मला वाटतं. ते का, हे नीट सांगायला हवं, कारण तुझ्या बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

गोष्ट मी तीनदा वाचली. तिचा गाभा विलक्षण आहे. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की नाशिककर पाणी फुटांत मोजत नाहीत, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत गेलं, ही भाषा इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. तुझी चिमी पावसात धावत जाऊन पाणी कुठवर आलं ते बघून येते, आजोबांना सांगते, आणि त्यावरून आजोबा ठरवतात की दुकानातली भांडी आता वर चढवायची की थांबायचं. अशी कल्पना हाती लागायला नशीब लागतं. मूर्तीवर चढणारं पाणी ही तयार मोजपट्टी आहे, आणि प्रत्येक खूण म्हणजे पुस्तकाचं एक पान.

आणि तू काय केलंस? पहिली दोन पानं त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरी, गोदावरीचा उगम आणि कुंभमेळा यांवर घालवलीस. शेवटी आजोबांच्या तोंडी 'निसर्गाशी खेळू नये' हे भाषण घातलंस. ही दोन्ही टोकं तुझ्यातल्या शाळेच्या बाईंनी लिहिली आहेत. मधला भाग मात्र भांडी बाजारात वाढलेल्या मुलीने लिहिला आहे, आणि तोच ठेवायचा. चिमीला उगम माहीत असण्याची गरज नाही. तिला एवढंच हवं आहे की आजोबांनी तिचं म्हणणं खरं मानावं, मोठ्या माणसासारखं. तिने 'कमरेला लागलं' म्हटल्यावर आजोबा काही न बोलता उठतात आणि पहिलं घंगाळ उचलतात, ते वाक्य वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तिथे पुस्तक आहे.

आता एक काम कर. चित्रं बाजूला ठेव. ए-फोरचे सहा कागद एकात एक घालून मध्ये दुमडले की २४ पानांची वही होते. छापखान्यात पानं चारच्या पटीत जातात, एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांचा एक फर्मा, म्हणून चित्रपुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. तुझ्या गोष्टीला २४ पुरतील. पहिलं पान नावाचं, दुसरं प्रकाशनाच्या तपशिलाचं, तिसरं आणि शेवटचं एकेकटं. उरली चार-पाचपासून बावीस-तेवीसपर्यंतची दहा जोडपानं. तुझी १८०० शब्दांची गोष्ट या दहा उघड्या पानांवर मांडायची. एका जोडपानावर तीस-चाळीस शब्दांपेक्षा जास्त आले तर समज की चित्राचं काम शब्द करतायत.

हीच डमी. पेन्सिलीने, काडीची माणसं काढून केलीस तरी चालेल. ती करताना एकच गोष्ट धरून ठेव: पान कुठे उलटतं. 'पाणी कुठवर आलं गं?' असं आजोबा विचारतात तो प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी यायला हवा आणि उत्तर पान उलटल्यावर, आणि तेही चित्रात. मग 'पाणी गुडघ्यापर्यंत आलं' हे वाक्य लिहायचीही गरज नाही, ऐकणारं पोर स्वतःच ओरडेल. तू मजकुरात प्रत्येक वेळी उत्तर आधीच देऊन टाकलं आहेस, त्यामुळे चित्राला फक्त होकार द्यायचं काम उरलंय.

एके ठिकाणी शब्द आणि चित्र एकमेकांच्या विरुद्ध जाऊ दे. मजकुरात आजोबा म्हणतात, 'काही होत नाही, जातं उतरून.' त्याच पानावरच्या चित्रात ते दोरखंड शोधतायत, आणि दुकानातली मांजर एकेक पिल्लू तोंडात धरून माळ्यावर नेतेय. मांजरीचा मजकुरात कुठेही उल्लेख नको. वाचून दाखवणाऱ्या आईच्या आधी मुलाला ती दिसेल, आणि तो आनंद त्याचा एकट्याचा असेल. लिहिणारी आणि काढणारी एकच असण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. दुसऱ्या चित्रकाराला देण्यासाठी लिहिलं असतंस तर मांजर तुला मजकुरात घालावी लागली असती. आणि मारुती पूर्ण बुडाला ते जोडपान आलं की तिथे एकही शब्द नको. नुसतं गढूळ पाणी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. नारोशंकर मंदिराच्या घंटेचा उल्लेख त्याच्या पुढच्या पानावर जाऊ दे, दोन्ही एकत्र आले तर दोन्हींचा जोर जातो.

चित्रांबद्दल. तुझा जलरंगावर हात आहे, आणि तो गोदाघाटावर बसून कमावलेला आहे हे दिसतं. पण बाराही चित्रं एकाच अंतरावरून काढली आहेत, माणसं मधोमध उभी आणि नजर मोठ्या माणसाच्या उंचीवरची. सात वर्षांच्या चिमीला भांडी बाजारातल्या गर्दीत काय दिसतं? छत्र्यांच्या खालच्या बाजू, भिजलेले काठ, पायजम्यांची दुमडलेली टोकं, हंड्यांच्या पोटात उमटलेले वाकडेतिकडे चेहरे. खाली बस आणि तिथून काढ. चिमीचा चेहराही प्रत्येक चित्रात थोडा वेगळा झालाय, म्हणून आधी एका मोठ्या कागदावर तिला समोरून, बाजूने, पाठमोरी, धावताना, रुसलेली अशी काढून ती भिंतीवर लाव. आणि तिसऱ्या चित्रातलं ते उतरत्या कौलांचं, मागे दोन डोंगर असलेलं घर काढून टाक. ते स्पर्धेच्या चित्रातलं घर आहे. तुझ्या आजोबांच्या वाड्याला लाकडी खांब असतील, अंधारा जिना असेल, कडीचा आवाज असेल. एखादा रविवार सराफ बाजारापासून नदीपर्यंत वही घेऊन फिर आणि पाणी कोणत्या बोळातून आधी शिरतं ते तिथल्या दुकानदारांना विचार. त्यांना पायऱ्यासुद्धा पाठ असतात.

तांत्रिक बाजू शिकायला वेळ लागत नाही. कटिंगसाठी चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड सोडायचं, म्हणजे चित्र पानाच्या कडेबाहेर तेवढं वाढवायचं, मधल्या घडीत कुणाचा चेहरा येऊ द्यायचा नाही, स्कॅन छापायच्या आकाराला ३०० डीपीआय. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, तेव्हा मजकुरासाठी शांत रंगाचा भाग चित्रातच राखून ठेव. मजकूर काळ्याच शाईत ठेव. पुढे हिंदी किंवा गुजराती आवृत्ती निघाली तर छापखान्यात फक्त काळ्या रंगाची प्लेट बदलावी लागते, आणि दुसऱ्या भाषेतल्या प्रकाशकाला ते परवडतं.

डमी झाली की ती मुलांना दाखव, पण स्वतः वाचून दाखवू नकोस. तू त्यांची बाई आहेस, 'आवडलं का?' विचारलंस तर वर्ग एका सुरात हो म्हणेल. दुसऱ्या कुणाला वाचायला सांग आणि तू मागे बस. मुलं कुठे पान ओढतात, कुठे बोट ठेवतात, कुठे खिडकीबाहेर बघतात ते टिपून घे. जिथे खिडकीबाहेर बघतात ते पान पुन्हा कर.

आता नोकरी. बाबांचं आत्ता ऐक, पण त्यांच्या कारणासाठी नको. हिशेब मांडते. समज, पुस्तकाची किंमत १०० रुपये, रॉयल्टी १० टक्के आणि आवृत्ती १००० प्रतींची. ती पूर्ण संपली तर तुझ्या हाती १० हजार रुपये येतात, आणि संपायला दोन वर्षंही लागू शकतात. लेखक वेगळा आणि चित्रकार वेगळा असता तर तेही वाटून गेले असते. म्हणजे चांगलं चाललेलं एक पुस्तक तुझ्या एका महिन्याच्या पगाराइतकंही देत नाही. या क्षेत्रात पोट भरणारी माणसं एका पुस्तकावर जगत नाहीत. दुसऱ्यांच्या मजकुराला चित्रं, मासिकांची कामं, दिवाळी अंक, शाळांमधल्या कार्यशाळा, आणि या सगळ्याच्या जोडीला हळूहळू साठत जाणारी आठ-दहा पुस्तकं, असं ते उत्पन्न असतं. सलग दोन वर्षं बाहेरच्या कामाचे पैसे वर्षाच्या पगाराच्या निम्म्यावर गेले, तर कागदावर आकडे मांडून बाबांसमोर बस. तोवर तुझ्या शाळेत रोज शंभरएक मुलं तुझ्यासमोर चित्रं काढतायत, हे काही लहान भाग्य नाही. बाहेरची कामं घेण्यासाठी संस्थेची लेखी परवानगी मात्र आधीच घे.

लेखक आणि चित्रकार एकच चालतं का, या प्रश्नाचं उत्तर म्हणून एकच नाव पुरेसं आहे. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रं काढतात. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांची पुस्तकं तू वाचली असशीलच. आता पुन्हा काढ आणि गोष्टीकडे न बघता फक्त एवढंच बघ: चित्रात असलेलं काय मजकुरात नाही.

कुठे पाठवायचं? चित्रपुस्तकांसाठी मराठीत ज्योत्स्ना प्रकाशन आहे. चेन्नईचं तूलिका अनेक भाषांत पुस्तकं काढतं, त्यात मराठीही आहे. नॅशनल बुक ट्रस्ट आहे. सुरुवात मासिकांपासून केलीस तर जास्त बरं: बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, आणि मराठी बालचित्रकलेचं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही. अगदी लहान मुलांसाठी 'चिकूपिकू' आहे. दिवाळी अंकांच्या चित्रांची कामं पावसाळ्यातच वाटली जातात, तेव्हा नमुने मे-जूनमध्ये पोचू देत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या मोफत वेबसाइटवर गोष्ट टाकण्याचा मोह होईल, तिथे वाचक खूप आहेत. पण तिथला परवाना मुक्त आहे, श्रेय देऊन कुणीही ती गोष्ट वापरू शकतं, विकूही शकतं. दुसरी एखादी छोटी गोष्ट तिथे दे. चिमी देऊ नकोस.

हक्कांबद्दल नीट वाच, इथेच चित्रकार सगळ्यात जास्त फसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तुझी गोष्ट आणि तिची चित्रं निर्माण होताच तुझी झाली, त्यासाठी नोंदणी लागत नाही. घरी बसून केलेल्या कामावर शाळेचाही हक्क नाही. पण त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात एक मेख आहे. कुणी मोबदला देऊन तुझ्याकडून चित्र काढून घेतलं आणि करारात वेगळं काही लिहिलं नाही, तर त्या चित्राचा पहिला मालक तो काढून घेणारा ठरू शकतो. म्हणून दोन हजारांचं काम असलं तरी ईमेलवर लिहून घे: कॉपीराइट चित्रकाराकडे, वापर अमुक पुस्तकापुरता, अमुक भाषेत, अमुक वर्षं. हक्क सोपवायचे तर १९ व्या कलमाप्रमाणे लेखी आणि सहीनिशीच सोपवावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी ओळ दिसली की तिथेच थांब आणि बदलून माग. चांगले संपादक यावर रागवत नाहीत, ते बोलतात. मुखपृष्ठावर लेखकाइतक्याच ठळकपणे चित्रकाराचं नाव, हेही आधीच ठरव. तुझ्या बाबतीत दोन्ही तूच असलीस तरी दुसऱ्यांच्या मजकुराला चित्रं देशील तेव्हा ते लागेल.

एआयची भीती मी उडवून लावणार नाही. वर्कशीटवरची फळं-फुलं, झटपट मुखपृष्ठं, अशी कामं त्याच्याकडे जातायत आणि त्यावर अवलंबून राहणं आता शहाणपणाचं नाही. पण पाणी शिरायला लागल्यावर भांडी बाजारातला दुकानदार आधी काय उचलतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तुला आजोबांनी सांगितलं आहे. करारात एक ओळ वाढव की तुझी चित्रं एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाणार नाहीत. कुणी विचारलं तर स्वतःची प्रक्रियाही मोकळेपणाने सांग, कच्ची रेखाटनं जपून ठेव.

पुण्याचं म्हणशील तर संपादक डमी पीडीएफमध्येच बघतात, ती सिडकोतून गेली की सदाशिव पेठेतून, याने काही फरक पडत नाही. वाचक मात्र तुला इथेच हवेत. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून तुझ्या शहरात उभं आहे. वाचकांपर्यंत पुस्तकांच्या पेट्या पोचवणारा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रमही नाशिकचाच. मुलं कोणती पुस्तकं पुन्हा पुन्हा नेतात, हे अशा ठिकाणी पुस्तकं देणाऱ्यांना प्रकाशकांपेक्षा जास्त माहीत असतं. जाऊन विचार, आणि ती पुस्तकं घरी आण.

पाठवताना डमीची पीडीएफ, पूर्ण रंगवलेली दोन जोडपानं आणि दहा ओळींचं पत्र एवढंच पाठव. मूळ चित्रं कुणालाही देऊ नकोस. तीन महिने उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर, आणि त्या काळात दुसऱ्या पुस्तकाची डमी सुरू ठेव. संपादकाला पहिलं आवडलं की त्याचा पुढचा प्रश्न बहुधा हाच असतो की तुमच्याकडे आणखी काय आहे.